उजव्या बाजूची चेन

मागच्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका दुकानात भर दुपारी मी आणि माझा मित्र भागवत चक्क फरशीवर झोपलो होतो... तेही स्लीपिंग बॅगमध्ये. आजूबाजूला गिऱ्हाईकं येत-जात होती आणि आम्ही दोघं छताकडे बघत पडलेलो.

भागवत नांदूरघाटचा. बीडला कॉलेजात एका बाकावर बसायचो, तेव्हापासूनची दोस्ती. काही वर्षांपूर्वी गुरांचा चारा कापायच्या कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये त्याचा उजवा हात गेला, मनगटाच्या वरपर्यंत. त्यानंतर तो डाव्या हाताने लिहायला शिकला, ट्रॅक्टर चालवायला लागला... फक्त कुणी "थांब, मी करतो" म्हटलं की त्याचा चेहरा बदलतो.

आम्हा चार-पाच मित्रांचं हिमाचलला बर्फात कॅम्पिंगला जायचं ठरलं होतं. आजवर आमची मजल बीडजवळच्या कपिलधारच्या डोंगरात डबे घेऊन जाण्यापुरती. सगळ्यात जास्त हौस भागवतला होती. आणि अचानक त्याचा फोन आला, "मला न्हाई जमायचं बे. हरभऱ्याला पाणी द्यायचंय."

मला ते पटलं नाही. त्याचा भाऊ असताना हरभऱ्याचं पाणी कधीच अडलेलं नाही. म्हणून मी मनीषावहिनींना, त्याच्या बायकोला, फोन केला.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्यांनी कुणाची तरी झोपायची बॅग आणलती मागून. आत शिरले आन चेन अर्ध्यात अडकली. भायरच येता येईना. शेवटी मी वढून काढली." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला म्हणाले, तिथं तू असणार हायेस का? राती लघवीला उठायचं तर कुणाला हाका मारू?"

मी त्याच्या तंबूत झोपणार होतो, हाक मारली असती तर उठलोच असतो. पण त्याला नेमकं तेच नको होतं.

मोठी, चौकोनी, गोधडीसारखी सैल बॅग घेऊ, असं मला वाटलं होतं. पण आम्हाला हिमाचलला नेणाऱ्या ट्रेक लीडरने ते मोडीत काढलं. रात्री पारा शून्याच्या खाली बराच उतरतो, सैल बॅगमधली रिकामी जागा आपल्याच अंगाच्या उबेने तापवावी लागते, मग माणूस कुडकुडतो. अंगाला धरून बसणारी, डोक्याला टोपी असलेलीच बॅग हवी. आणि लेबलवर मोठ्या अक्षरात लिहिलेल्या आकड्यावर जायचं नाही, 'कम्फर्ट' समोरचा, म्हणजे किती थंडीपर्यंत नीट झोप लागेल तो आकडा बघायचा.

म्हणजे घट्ट बॅग हवी आणि चेनही जमली पाहिजे. "बघून तर येऊ, नाही जमलं तर परत येऊ," असं म्हणून भागवतला कसंबसं पुण्याला नेलं.

दुकानातल्या मुलीने एकेक बॅग फरशीवर अंथरली. भागवत आत शिरायचा, चेन थोडी वर यायची आणि अस्तरात अडकायची. डावा हात छातीपाशी दुमडून तो ओढत होता, कपाळावर घाम आलेला. दोन गिऱ्हाईकं थांबून बघायला लागली.

मी नकळत वाकलो. तो हळू आवाजात म्हणाला, "हात लावू नको."

मग मी काय करणार... शेजारची बॅग उघडली आणि तिच्यात जाऊन पडलो. म्हटलं, लोकांना बघायचंच आहे तर दोघांना बघू देत. उजवा हात आडवा नेला आणि माझी चेन सर्रकन गळ्यापर्यंत आली. मला उलट अपराध्यासारखं झालं.

पण भागवत माझ्याकडे टक लावून बघत होता. "तुझी चेन कोणत्या बाजूला हाय बे?"

"डाव्या."

"आन वढली उजव्या हातानं." तो उठून बसला. "ताई, चेन उजवीकडं आसलेली बॅग न्हाई का?"

ती मुलगी म्हणाली, "असते सर. कमी लोक मागतात, म्हणून बाहेर ठेवत नाही. मी आत बघते." बऱ्याच वेळाने ती गोदामातून एक बॅग घेऊन आली. चेनच्या कडेला आतून कडक पट्टी होती, कापड मध्ये येऊ नये म्हणून. थंडीचा आकडाही आमच्या कामाचा होता. फक्त बॅग जड होती.

भागवत आत शिरला. उजव्या कोपराने कापड दाबून धरलं, डावा हात आडवा नेला आणि चेन वर घेतली... सरळ हनुवटीपर्यंत. टोपीची दोरी दातात धरून आवळली. मग सगळं सोडून बाहेर आला. परत आत गेला. परत बाहेर आला. ती मुलगी हसत होती.

"सर, वजन जरा जास्त आहे हं," ती म्हणाली.

"आसू दे की. खांदे दोन हायेत."

बाहेर येऊन त्याने पहिला फोन वहिनींना लावला. "आत बी जातो आन भायर बी येतो," एवढंच म्हणाला. पलीकडून काय उत्तर आलं कळलं नाही, पण हा माणूस नंतर कितीतरी वेळ रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

हिमाचलच्या कॅम्पवर पहिल्या सकाळी मला जाग आली तेव्हा तंबूच्या कापडावर आतून बर्फाचे कण चिकटले होते. शेजारी भागवतची बॅग उघडी पडलेली, आत कुणी नाही. बाहेरून त्याचा आवाज येत होता, कुणाला तरी तो आमच्याकडच्या थंडीबद्दल सांगत होता.

तो कधी उठला, कधी बाहेर गेला, मला पत्ताही लागला नव्हता... त्या रिकाम्या बॅगेकडे बघत मी तसाच पडून राहिलो. आपली गरज पडली नाही याचा इतका आनंद होऊ शकतो, हे मला त्या सकाळी कळलं.