सरपणावर भरलेला वर्ग

पडदा वर जातो तेव्हा समोर वीस बाकं दिसतात. शाळेची. प्रत्येकावर दोघांनी बसायचं, पुढे लिहायची फळी, तिच्याखाली दप्तराचा खण. पॉलिश अजून चमकतंय, एकही पाय डुगडुगत नाही. पत्र्याच्या गोदामाच्या उंच खिडकीतून उन्हाची एक तिरपी पट्टी येते आणि नेमकी एका टकलावर पडते. इतका नेमका प्रकाश मला उभ्या कारकिर्दीत कुणी दिला नाही. टकलाचा मालक पन्नाशीतला, काटकुळा, चष्मा दोरीने गळ्यात, आणि उजव्या कानावर, जिथे सुतार पेन्सिल ठेवतात तिथे, लाकडाची एक छोटी पाचर. हातात लाकडी हातोडा. तो पहिल्या बाकाजवळ जातो, फळीवरून हात फिरवतो, म्हणतो, "माफ कर रे बाबा," आणि हाणतो.

हे आमचे मिस्त्री.

आमच्या नाटक कंपनीचं नेपथ्य तेच बांधायचे. मी राजा. तिसऱ्या अंकात मी सिंहासनाला लाथ मारायचो, त्याचे पाच तुकडे व्हायचे, पुढच्या रांगेतली मंडळी दचकून मागे सरकायची. आणि दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या गावात, तेच सिंहासन पहिल्या अंकाला ताठ उभं. गुपित एका पाचरीत होतं. दुसरा अंक संपला की मिस्त्री ती हळूच काढून कानावर ठेवायचे, प्रयोग संपला की परत ठोकायचे. एकदा काढायची विसरले. मी लाथ मारली, सिंहासन जागचं हललं नाही, आणि पुढचे तीन आठवडे मी लंगडा राजा केला. लोकांना तोच जास्त आवडला. मिस्त्री मात्र प्रत्येक प्रयोगानंतर माझ्या पायाला स्वतः तेल चोळायचे.

कंपनी बंद पडली तसे आम्ही पांगलो. आमची नायिका शिवणयंत्रावर बसली, मी शिकवण्या धरल्या, आणि मिस्त्रींना पुलाच्या अलीकडच्या जिल्ह्यात, शिक्षण खात्यात, सुताराची नोकरी लागली. आम्हाला वाटलं, चला, एकाचं तरी बस्तान बसलं. महिन्याभराने भेटले तर चेहरा उतरलेला.

"काय बनवता तिथे?" मी विचारलं.

"बनवत नाही, राजे. मोडतो."

त्याचं असं होतं. अलीकडचा जिल्हा खाऊनपिऊन सुखी. शाळेच्या सामानाचा निधी मिळायचा तो असलेल्या बाकांच्या हिशोबाने: जितकी बाकं, तितका निधी. तो उरला तर पुढच्या वर्षी कमी येणार, म्हणून पाच वर्षं झालेलं बाक, अंगावर ओरखडा नसला तरी, म्हातारं ठरवायचं आणि नवं घ्यायचं. मग म्हाताऱ्याचं काय? जिल्ह्याची वस्तू जिल्ह्याबाहेर द्यायची नाही, असा नियम. तेव्हा त्याचे किमान सात तुकडे करायचे आणि वहीत 'सरपण' लिहायचं. सरपण कुणीही न्यावं, त्याला आडकाठी नव्हती.

पुलाच्या पलीकडे दुसरा जिल्हा. निधीचा नियम तिथेही तोच. बाकं नाहीत म्हणून निधी नाही, निधी नाही म्हणून बाकं नाहीत. मिस्त्रींची एकुलती एक मुलगी तिथल्या शाळेत आठवीला शिकवायची. मुलं चाळीस, बाक एकही नाही. तिने वरती अर्ज केला. उत्तर आलं: 'जे बाक अस्तित्वात नाही त्याची देखभाल करणे शक्य नाही.' तिने ते फळ्याशेजारी चिकटवून ठेवलं होतं. शुद्धलेखनासाठी चांगलं आहे, म्हणायची.

पहिली तीन वर्षं मिस्त्रींनी बाकं खरोखर मोडली. हे मी झाकणार नाही, त्यांनीही कधी झाकलं नाही. संध्याकाळी पूल ओलांडून मुलीकडे जेवायला जायचे, आणि ती दारातच त्यांच्या सदऱ्यावरचा भुसा झटकायची.

"आज किती, बाबा?"

"सतरा."

"सागाची?"

"सागाचीच."

मग ती ताट वाढायची.

चौथ्या वर्षी तिच्या शाळेला नोटीस आली. महिनाअखेर तपासणी, आसनव्यवस्था नसेल तर आठवीचा वर्ग बंद, मुलं दोन तासांच्या वाटेवरच्या शाळेत. "मुलगे जातील सायकलवर," ती म्हणाली. "मुली घरी बसतील. बावीस जणी आहेत, बाबा." त्या दिवशी मिस्त्री ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात.

"राजे, सिंहासन आठवतं?"

"माझ्या पायाला आठवतं."

"मग चला. साक्षीदार हवाय."

बाकाला मुळातच सात भाग असतात, हे त्यांनी मला बोटांवर मोजून दाखवलं: बसायची फळी, लिहायची फळी, खण, दोन बाजू, दोन आडव्या पट्ट्या. आठ दिवस खपून त्यांनी वीस बाकांचे खिळे उपसले, सांध्यांतला सरस सोडवला आणि एकेक बाक एकेका पाचरीवर उभं केलं. पाचर उडवली की सरपण, ठोकली की बाक. तिकडे मुलीने शाळेसाठी सरपण मिळावं म्हणून अर्ज केला. शाळेत चूल नव्हती. पण चूल आहे का, असं अर्जात कुठे विचारलेलं नव्हतं.

मोडण्याच्या दिवशी दोन साक्षर साक्षीदार लागत. एक मी, दुसरा कोपऱ्यावरचा चहावाला. मोडणीचे साहेब दारात खुर्ची टाकून बसले, मांडीवर वही. मिस्त्रींनी हातोडा उचलला, पाचर उडाली, बाकाचे सात तुकडे जमिनीवर अलगद निजले. माझे हात टाळ्यांसाठी वर गेलेच होते. मी घाईने डोकं खाजवलं.

साहेबांनी तुकडे मोजले. सात. मग कपाळाला आठ्या घातल्या.

"आवाज कुठाय?"

"कसला, साहेब?"

"मोडल्याचा. दरवर्षी कडाड करून आवाज येतो. बिनआवाजाचं मी मोडलेलं धरू शकत नाही."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. नाटकवाल्याला एवढं पुरतं. मी आत फार उकडतंय असं सांगून गोदामाच्या मागे गेलो. तिथे दोन पट्ट्या उचलल्या आणि फटीला डोळा लावला. वीज असो, तोफ असो, विंगेत आम्ही हेच करायचो: दोन पट्ट्या सपकन एकमेकींवर. मिस्त्रींचा हातोडा खाली, माझं कडाड. हातोडा खाली, कडाड. साहेब खूश. प्रत्येक आवाजाला वहीत एक खूण. तेरा बाकं अशी बिनबोभाट गेली. चौदाव्याला मिस्त्री हातोडा उचलून कपाळाचा घाम पुसायला थांबले, आणि मी जुन्या सवयीने तालात वाजवून मोकळा.

कडाड!

हातोडा हवेतच. बाक धडधाकट उभं.

साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. "हे काय? हात लावायच्या आधी?"

"घाबरलं, साहेब," मिस्त्री म्हणाले. "आधीच्या तेरांचं बघत होतं ना."

साहेबांनी बाकाकडे बराच वेळ पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "उरकून टाका त्याचं लवकर."

सरपण हातगाडीवरून पूल ओलांडून गेलं. सुट्टीच्या दोन दिवसांत मिस्त्रींनी ते पुन्हा उभं केलं. मी तुकडे हातात देत होतो, त्यांची मुलगी फळ्या पुसत होती. एकोणीस बाकं झाली आणि पाचरी संपल्या.

"वीस केल्या होत्या," मिस्त्री म्हणाले. "मोजून वीस."

गाडी झटकली, खिसे उलटे केले, चहावाल्यालासुद्धा विचारून झालं. शेवटी विसावं बाक नुसतं जुळवून मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. सकाळी नवी पाचर तासू, असं ठरलं. सकाळी आम्ही पोचायच्या आत तपासणी येऊन बसली होती.

बसली होती हे शब्दशः. पलीकडच्या जिल्ह्याचे तपासणी साहेब, उन्हाने रापलेले, पिशवीचा बंद तुटलेला, सरळ मागे जाऊन विसाव्या बाकावर टेकले होते आणि अर्ज भरू लागले होते. मुलगी फळ्याजवळ पांढरीफटक. मिस्त्री दारातून थेट मागे गेले, जमिनीवर फतकल मारली आणि बाकाची बाजू खांद्याने दाबून धरली.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"माझे बाबा," मुलगी म्हणाली. "त्यांना शिकायची फार आवड."

"आठवीत?"

"राहून गेली होती, साहेब," मिस्त्री खांद्यावर भार घेत म्हणाले.

साहेब लिहू लागले. अर्ज बारा पानी. बाक कुरकुरलं, मिस्त्रींचं टक्कल घामाने चमकलं, आणि तेव्हा माझं लक्ष त्यांच्या कानाकडे गेलं. विसावी पाचर तिथे होती! मी दारातून माझा कान खाजवला. मिस्त्रींनी मान हलवली: असेल, डास चावला असेल. मी दोन्ही कान ओढले. पहिल्या बाकावरची एक मुलगी हसायला लागली. मी राजासारखा उभा राहिलो, एक पाय वर घेतला आणि लाथ मारल्याचा अभिनय केला.

मिस्त्रींचा हात सावकाश कानाकडे गेला.

पाचर खाचेत बसली, पण ठोकायची कशी? मुलीने बापाच्या मुठीतला हातोडा पाहिला. विंगेत वाढलेली पोर ती, तिला काय सांगायचं! "सगळ्यांनी," ती ओरडली, "एकोणतीसचा पाढा! मोठ्याने!"

चाळीस गळे उघडले. एकोणतीस एके एकोणतीस, ठक. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, ठक. साहेबांचं पेन प्रत्येक ठोक्याला उडत होतं, तरी ते मान डोलावत होते. सत्त्याऐंशीला पाचर घट्ट बसली. मिस्त्री पाढा संपेपर्यंत मुलांबरोबर म्हणत राहिले.

साहेबांनी शेवटचं पान उलटलं. "बाकं कुठून आली? नोंद दाखवा."

मुलीने वही पुढे केली.

"यात सरपण लिहिलंय."

"हो, साहेब."

"म्हणजे मुलं सरपणावर बसली आहेत."

"हो, साहेब."

"आणि मीही."

साहेबांनी बसल्या बसल्या बाक पुढे-मागे हलवून पाहिलं. ते हललं नाही. "आमच्या कार्यालयात मी पत्र्याच्या पेटीवर बसतो," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. खुर्चीची देखभाल मंजूर होत नाही, कारण खुर्ची नाही." मग त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं, 'आसनव्यवस्था: सरपण. भक्कम.' वर्ग राहिला. बावीस जणी राहिल्या.

पुढच्या वर्षी पलीकडच्या शाळेला निधी आला: सरपण फार साठल्याबद्दल वाळूच्या दोन बादल्या. अलीकडच्या जिल्ह्यात वीस नवी बाकं आली आणि मिस्त्रींना नीटनेटक्या मोडणीचं प्रशस्तिपत्र मिळालं. त्यानंतर नऊ वर्षं ते मोडत राहिले, मी मागे कडाड करत राहिलो, आणि पुलापलीकडच्या चार शाळा सरपणावर भरल्या. त्या तपासणी साहेबांच्या पेटीच्या जागी एके सकाळी एक खुर्ची आढळली. ती कुठून आली ते मिस्त्रींनी मलाही सांगितलं नाही.

मिस्त्रींच्या शेवटच्या आजारात मी रोज दुपारी त्यांच्या खाटेजवळ बसायचो, त्यांनीच केलेल्या तिपाई स्टुलावर. मुलगी शाळेतून येईपर्यंत आम्ही दोघंच. बोलणं जवळजवळ थांबलं होतं. त्या दुपारी मला वाटलं, डोळा लागला, आपण निघावं. मी उठायला गुडघ्यांवर हात टेकले, तसे त्यांनी डोळे उघडले. हात सावकाश उशीवरून कानापाशी गेला.

"हलू नका, राजे," ते म्हणाले. "तुमच्या स्टुलाची पाचर माझ्या कानावर आहे."