मोठ्या पोटाची मोटर

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणखेड्याच्या कॉलेजात वर्गावर होतो. तरीही तास पूर्ण केला. का, ते आजही सांगता येत नाही... सवय, दुसरं काय! नाना माझे थोरले चुलतभाऊ. त्यांच्याकडेही मी नेहमी असाच, घड्याळ बघत जायचो.

काही वर्षांपूर्वी ट्रॉलीतला मका कोठीत चढवायला त्यांनी ऑगर करून घेतला. लांब नळी आणि तिच्यात फिरणारा लोखंडी स्क्रू. तो ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर, म्हणजे तेलाच्या दाबावर फिरवायचा, तर मोटर कुठली घ्यायची? मी यंत्रं शिकवणारा, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. ट्रॅक्टर मिनिटाला तेल किती देतो, मोटर एका फेऱ्याला किती पिते, सगळं कागदावर मांडून मी छोटी, झपाट्याने फिरणारी मोटर सुचवली. नानांनी कागद नीट वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि शहाद्याहून नेमकी मोठी मोटर आणली.

"मास्तर, तेल तेच शे. मोटरनं पोट मोठं ऱ्हायनं का चाल धीमी व्हस. जोरमा दाना फुटस."

त्यांचं गणित बरोबर होतं, पण दाणा काही एवढा फुटला नसता. मी चिडलो, ते नुसते हसले. मग दर हंगामात तेच. लिव्हर ओढायचा, रिकाम्या पोत्यांच्या दोन घड्या शेजारी-शेजारी टाकायच्या आणि म्हणायचं, "घडीभर बठ ना." मोटर गुरगुरत असायची आणि नाना बोलत राहायचे... पपईबद्दल, गुडघ्याबद्दल, लहानपणी तापीत वाहून गेलेल्या माझ्या चपलेबद्दल. मी अर्धंच ऐकायचो. उरलेलं अर्धं आता कुणाकडे मागू?

गेल्या रविवारी पुतण्याने बोलावलं. "काका, तुम्ही सांगेल ती मोटर बसाडी टाकूत." मी ती घेऊनच गेलो. ट्रॉली भरून उभी होती. पाना हातात घेतला, तोच ओट्यावरून वहिनी म्हणाल्या,

"भाऊ, दानानं निमित्त व्हतं. तुम्हीन चहा पिधा का उठी जातस. हाई चाले तवलग तरी बठशात, म्हनीसन त्यासनी धीमी लिन्ही."

मी पाना खाली ठेवला. लिव्हर ओढला. पोत्याची एक घडी टाकली, मग शेजारी दुसरी. मका संपला, मोटर रिकामीच फिरत राहिली, तरी मला उठवेना.