ज्या जीपखाली मी गेलो नाही

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार कुणाचे, तर बोईसरला गॅरेज चालवणाऱ्या मिस्त्रीकाकांचे. "पाठ मळव, मग बोल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जुन्या गाडीच्या रंगाला कुणी भुललं, की ते त्याला जमिनीवर पाठ टेकून खालची चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, बघायला लावत. आपल्याकडे वारा खारा. गंज वरून दिसत नाही.

बाबांना कंपनीत पाळी बदलून मिळेना, तेव्हा कॉलेजच्या प्रवेशाला पालक म्हणून काकाच आले, हात रॉकेलने घासून. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. जुन्या गाड्या तपासून अहवाल देण्याचं माझं कामही त्यांनीच शिकवलेलं.

मागच्या वर्षी पाम गावचे एक चिकूचे बागायतदार गॅरेजवर आले. हौसेला जुनी गाडी हवी होती. समोर दोन होत्या. एका गिऱ्हाइकाची दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार आणि काकांची स्वतःची थोराड जुनी जीप. लाल गाडीत बसायचं म्हणजे जवळजवळ निजायचं. जीपमध्ये चढायला कुणाचा तरी हात लागे. काका हसत म्हणाले, "लाल गाडी नवऱ्याला मिरवायला. जीपमदी अख्खं वऱ्हाड जाईल." बागायतदारांनी निवाडा माझ्यावर सोपवला.

लाल गाडीखाली मी तासभर होतो. दोष न् दोष लिहिला. जीपकडे वळलो, तर काका चहा घेऊन उभे.

"तिची चासी मी सोता बघितली हाय. मजबूत हाय."

ज्यांनी शिकवलं त्यांच्याच गाडीखाली बॅटरी घेऊन शिरायचं, म्हणजे त्यांना तोंडावर खोटं ठरवायचं. मी शिरलो नाही. 'सांगाडा उत्तम' असं लिहून सही केली. माझ्या जागी तुम्हीही केली असती, असं मला अजून वाटतं.

बागायतदारांनी जीप घेतली. पंधरवड्यात तारापूरच्या रस्त्यावर ती मधोमध वाकली. बागायतदारांनी बोलावलं, तेव्हा मी पहिल्यांदा तिच्याखाली गेलो. डांबराचा ताजा थर, त्याखाली पुट्टी, पुट्टीखाली चाळण झालेलं लोखंड.

काकांना विचारलं. ते पाना पुसत राहिले. मग म्हणाले, "तू खाली गेला का नाय? शिकवला कशाला तुला?"

माझ्या सहीवर आता कुणी गाडी घेत नाही. तेही सोसेन. पण मी खाली शिरणार नाही हे ओळखूनच ते 'मजबूत हाय' म्हणाले होते, हे सोसत नाही. गॅरेजचा रस्ता मी सोडला. एक पत्र मात्र पाठवलं:

"तीर्थस्वरूप काका, साष्टांग नमस्कार. जीप मोडली तेव्हा आत पाच जण होते. त्यांत बागायतदारांची सून आणि तिचं तान्हं बाळ. सगळे सुखरूप आहेत. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून कळवतो."