रेडिओनं वाचवलेल्या चिंचा

ओल्या, नुकत्याच कापलेल्या लाकडाचा वास आला की मला सुप्याजवळचं माझं सासर आठवतं. नव्वदच्या दशकातला कडक उन्हाळा होता, विहिरींनी तळ गाठला होता, आणि रस्त्याकडेच्या जुन्या चिंचा वीटभट्टीला विकायचं पंचायतीनं ठरवलं होतं. सरपंच माझे सासरेच. पहिलं झाड आडवं झालं त्याच दिवशी रेडिओवाले गावात आले. पुरुषमंडळी सरकारी योजनांवर भरभरून बोलली. मग रेडिओवाल्यांनी माईक आम्हा बायकांपुढं धरला, तशा सगळ्या पदराआड हसायला लागल्या. मी मात्र पुढं होऊन बोलले, "दरसाली ऊन वाढतंय, पाऊस मागं सरतोय. आन् आमी हाय ती झाडं बी इकायलोय. उद्या लेकरांना सावली कुठली दावायची?" कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर अख्खं गाव जमलं होतं. रेडिओतून माझा आवाज घुमला आणि सगळ्यांच्या माना सासऱ्यांकडं वळल्या. आता माझी माहेरी पाठवणी होणार, या धास्तीनं मी दाराआड उभी होते. कुणीतरी टोमणा मारला, "सरपंच, सून लई बोलती तुमची!" सासरे उठले. "बोलती, पन खरं बोलती. भट्टीवाल्याला निरोप धाडा, आता एक बी झाड मिळायचं न्हाई." बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. 'हवामान बदल' हा शब्द माझ्या कानी फार नंतर पडला, पण एसटी त्या सावलीतून जाते तेव्हा मी शेजारच्या बाईला अजून ऐटीत सांगते, "ही झाडं माझ्या बोलण्यानं राहिलीत."