पट्टीवरची हळद

घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात लॅबमध्येही खंडेनवमी जोरात व्हायची. भट्टी, वजनकाटा, संगणक, सगळ्यांना हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल. एका वर्षी माझ्या लॅबमधल्या मैत्रिणीने आमच्या काचपट्टीलाही हळदीचं बोट लावलं. "हिला कशी विसरू? हिच्यावरच तर माझं सगळं आहे ना!"

खरंच होतं. पट्टीवर तिने बनवलेल्या पावडरीचा थर होता. निळा प्रकाश टाकला की ती पावडर लाल चमकायची आणि त्यात किंचित हिरवं. तापली की लाल उतरायचं, हिरवं टिकायचं. दोघांच्या प्रमाणावरून, तार न जोडता, नुसत्या उजेडावर तापमान कळायचं. तीन वर्षं ती त्यामागे होती. तिच्या घरी ठरलं होतं, बाहेरून तपासायला येणाऱ्या पाहुण्यांसमोर हे चाललं तर संशोधन पुढे, नाहीतर नाहूरच्या शाळेतली नोकरी.

पूजेनंतर तिनेच ओल्या फडक्याने पट्टी पुसली. पाहुणे आले, पट्टी मोजणीच्या बंद डब्यात गेली, आणि आकडा बघून आमची वाटच लागली. गार पट्टी उकळत्या पाण्याएवढी गरम दाखवत होती! पाहुणे गोड हसले, चहा प्यायले, गेले. ती म्हणाली, "जाऊ दे यार. पावडरच खोटी निघाली." आठवड्यात तिने शाळा धरली.

यंदा कपाट आवरताना सहज त्या पट्टीवर निळी टॉर्च मारली. लाल थराच्या कोपऱ्यात हिरवट-पिवळा ठिपका लखलखला. बोटाएवढा. अरे देवा, हळद! ती या उजेडात हिरवी चमकते, म्हणून यंत्राला हिरवं जास्त दिसलं आणि गार पट्टी तापलेली वाटली. पुसली तरी डाग राहतो, हे आमच्या घरच्या प्रत्येक ओढणीला ठाऊक आहे, आम्हालाच सुचलं नाही! मला हसू आलं, मग रडूच फुटलं.

लगेच फोन लावला, सगळं सांगितलं.

"म्हणजे पावडर बरोबर होती?"

"बरोबर होती गं."

तिच्या मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. "परत ये ना," मी म्हटलं.

"आता कसली येतेय मी? नववीचा वर्ग माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "घंटा झाली, ठेवते."

या खंडेनवमीला मी सगळ्या यंत्रांना हळद लावली. पट्टी मात्र कपाटातच ठेवली. आता पावडर खरवडून नव्या काचेवर घ्यायला हवी, लॅबमधले सगळे तेच सांगतात. पण तिचं बोट अजून तिथे आहे, आणि माझा हात धजावत नाही.