उलटी गुंडाळलेली कॉइल

दोघी बहिणी एकाच बाकावर काम करायच्या. धाकटी केसाहून बारीक तार गुंडाळून तिळाएवढी कॉइल करायची, थोरली ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची. जिने गुंडाळली तिने तपासायची नाही, हा प्रयोगशाळेचा दंडक.

"मास्तरीणबाई, पास की नापास?" धाकटी विचारायची.

"काठावर पास." कॉइल कितीही सुरेख असो, थोरलीचं उत्तर ठरलेलं.

शेजारच्या खोलीत पोलादाचं लांबलचक नळकांडं होतं. आतली हवा उपसायची, थोडा वायू सोडायचा आणि तापवून त्याचा प्लाझ्मा करायचा. सूर्याकडून सुटलेला वारा इतक्या लांब येऊनही पुरता निवत का नाही, हे शोधायचं होतं. त्यासाठी दोन्ही टोकांकडून लाटा सोडत. त्या एकमेकींवर आदळून बारीक बारीक कशा फुटतात, ते आत ओळीने बसवलेल्या या कॉइल टिपायच्या.

धाकटी गेली. थोरली कामावर परतली त्याच आठवड्यात शेजारच्या खोलीतली संशोधक मुलगी बाकाशी येऊन घुटमळली.

"ताई, मधल्या कॉइलवर येणारी लाट जाणारी दिसतेय. उलटी गुंडाळली गेलीय बहुतेक."

मधली म्हणजे धाकटीची शेवटची. औषधांनी बोटं बधिर झाली होती, तरी हट्टाने बसली होती. त्या दिवशी थोरलीने भिंगाला डोळा लावला खरा, पण जीव सगळा शेजारच्या स्टुलावर होता.

"राहू दे आत," मुलगी म्हणाली. "कॉम्प्युटरमध्ये उणे चिन्ह घातलं की भागतं. त्यांच्या हातची आहे ना?"

घरी धाकटीचे कपडे होते, चपला होत्या. तिच्या हातचं काम मात्र एवढंच उरलं होतं.

"तू घालशील गं चिन्ह. तुझ्यामागून येणारा विसरला, तर तिच्या नावाने खडे फोडेल. काढ."

नळकांडं उघडलं. तार गोंदाने चिकटवलेली, उलगडता येणार नव्हती. थोरलीने ती ब्लेडने कापली. मग धाकटीच्या स्टुलावर बसून नवी गुंडाळली, उठली, आपल्या स्टुलावर जाऊन भिंगातून पाहिली. दिशा बरोबर होती.

"मी तपासू का?" मुलीने हळूच विचारलं. "दंडक आहे ना."

थोरलीने बाजूला सरकून तिला जागा दिली. मुलीने नीट पाहिलं.

"एकदम छान झालीय, ताई."

थोरलीने मान हलवली आणि ब्लेडला चिकटलेले तारेचे तुकडे चिमट्याने वेचू लागली.