भिंत आणि खांबाच्या मधली जागा

आईला नागपूरहून बंगळुरूला कायमचं आणायचं ठरलं, तेव्हा मी घर नाही, पार्किंग शोधत फिरत होतो. ऑपरेशननंतरही तिचा डावा गुडघा वाकत नाही. गाडीत बसायचं तर दार सताड उघडायचं, आधी तिनं पाठमोरं टेकायचं, मग मी पाय उचलून आत घ्यायचे. आणि गाडीशिवाय तिचा शनिवार होणार नव्हता. इथल्या एका जुन्या मराठी कुटुंबाकडे शनिवारी दुपारी बायका विष्णुसहस्रनामाला जमतात. मागच्या खेपेला ती तिथे रमली होती. त्या घरच्या अक्का 'थोडं'च्या जागी कानडी शब्द घालून 'स्वल्प बसा हो' म्हणतात, याची घरी येऊन नक्कल करायची अन् पोट धरून हसायची. या वेळी येताना शनिवारसाठी म्हणून पट्ट्याच्या नव्या चपलासुद्धा घेऊन आली.

कोरमंगलात घरमालकानं गेटसमोरचा रस्ता दाखवला, हेच पार्किंग म्हणाला. देवनहळ्ळीकडे गाडीला मैदान होतं, पण तिथून अक्कांचं घर दीड तास. एवढा वेळ आईला बसवत नाही. शेवटी येलहंक्याला मिळालं. वर छप्पर, भिंतीवर फ्लॅटचा नंबर, लिफ्ट दहा पावलांवर. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खांब. मी टेप काढून गाडीची लांबी, रुंदी, आरशांसकट सगळं मोजलं. इथे तुम्ही राहणार की गाडी, असं घरमालकानं हिंदीत विचारलंसुद्धा. मला आपल्या हुशारीचं केवढं कौतुक! तिथंच अकरा महिन्यांच्या करारावर सही केली.

पहिल्या शनिवारी आईच्या बाजूचं दार वीतभर उघडलं आणि खांबाला टेकलं. मी सगळी मापं घेतली होती ती बंद गाडीची. हातात टेप घेऊन फिरणाऱ्या इंजिनियरला एवढं कळू नये? आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. गाडी उलटी लावून पाहिली, तर त्या बाजूला भिंत. पुढे काढावी तर लगेच गेटचा चढ, त्यावर दार आपोआप मिटून तिच्या पायावर यायचं. राहिला रस्ता. अरुंद, मागे सतत कुणीतरी. तिसऱ्या शनिवारी पाण्याच्या टँकरवाल्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. आई एक पाय आत, एक बाहेर, अशी दार घट्ट धरून बसली. त्या दिवशी सहस्रनामात तिचं लक्ष नव्हतं, असं अक्कांनी नंतर मला फोनवर सांगितलं.

पुढच्या शनिवारी तिचा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्याही. मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे चकरा मारल्या. जागा फ्लॅटसोबत येते, बदलता येत नाही, असा नियम त्यांनी दाखवला. दर वेळी चहा देत आणि 'नोडोणा' म्हणत, म्हणजे बघू. अक्कांचे फोन आधी दर आठवड्याला यायचे, मग सणावारी, मग तेही थांबले. आई बाल्कनीत बसायची. तिथून खालचा रस्ता दिसतो.

मागच्या आठवड्यात लिफ्टशेजारचा फ्लॅटवाला सांगायला आला. त्यानं गाडी विकली होती, त्याची जागा आम्ही वापरली तर त्याची हरकत नव्हती. सेक्रेटरींनीही मान डोलावली. मी गाडी तिथे लावली, डावं दार शेवटपर्यंत उघडलं आणि उघड्या दारासकट माप घेतलं. तरी हातभर जागा उरली. जिना धावतच चढलो.

आई मेथी निवडत होती. मी म्हटलं, "आई, जागा मिळाली. दार पूर्ण उघडतं. या शनिवारी जायचं."

"बरं झालं," ती म्हणाली. "तुझ्या गाडीची सोय झाली."

"अगं, तुझ्यासाठी. ऊठ, चपला घाल, खाली येऊन बघ तरी."

"त्या पट्ट्याच्या ना? त्या मी मागेच कामवाल्या बाईला देऊन टाकल्या रे. नुसत्या पडून होत्या."

आजच नव्या आणू, असं मी म्हटलं. ती नको म्हणाली आणि मेथीची पुढची काडी उचलली.